कामट्या, खळ आणि ट्रेसिंग पेपर : आमच्या नाताळच्या ताऱ्याची हकिगत

२०२३च्या नाताळात बाजारातून ४५० रुपयांना आणलेला प्लॅस्टिकचा तारा २७ डिसेंबरलाच मधोमध फाटला. तो चुरगाळून कचऱ्याच्या पिशवीत भरत होते तेव्हा पप्पा समोर खुर्चीत बसले होते. काही बोलले नाहीत, पण मला त्यांच्याकडे बघवेना. मी कॉलेजात जाईपर्यंत वसईच्या आमच्या जुन्या घरावर दर नाताळला बांबूच्या कामट्यांचा तारा लागायचा आणि तो तेच बांधायचे. मग आम्ही फ्लॅटमध्ये आलो, त्यांचे हात थरथरायला लागले, आणि तारा विकत आणायची सवय लागली. त्या संध्याकाळी ठरवलं की पुढचा नाताळ घरातल्या कागदांतून आणि जुन्या वस्तूंतून करायचा. विकत आणायचं ते फक्त कामट्या, रंग आणि विजेचं सामान.

हे सविस्तर लिहितेय, कारण सुरुवातीला मला सगळीकडे पाच मिनिटांत होणारे तारेच दिसले. खऱ्या ताऱ्याला पैसे फार लागत नाहीत, दिवस लागतात. आम्हाला सप्टेंबर ते डिसेंबर लागले, आणि त्यातले निम्मे दिवस काहीतरी वाळायची वाट बघण्यात गेले.

कागद साठवायला ७ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, सुरुवात केली. शेजाऱ्यांकडून मोदकांचे पुठ्ठ्याचे खोके आले आणि ते टाकायचे नाहीत असं मुलांना बजावलं. पहिले तीन आठवडे सगळं एकाच पिशवीत भरत गेलो, ती चूक झाली. पिशवी उघडली तेव्हा पातळ कागद पुठ्ठ्यांखाली चेंगरले होते आणि मिठाईच्या खोक्याच्या तुपाचे डाग चार चांगल्या कागदांवर उतरले होते. मग तीन खोके केले : पातळ कागद (वर्तमानपत्र, पतंगी कागद, भेटवस्तूंचे मऊ वेष्टन), जाड कागद (लग्नपत्रिका, भेटकार्डं, वह्यांचे पुठ्ठे), आणि गुळगुळीत कागद. तिसरा खोका ऑक्टोबरपासून आपोआप भरत गेला, कारण विधानसभेच्या निवडणुकीची पत्रकं रोज दाराच्या कडीला अडकवलेली असायची. गुळगुळीत कागद वेगळा ठेवायचं कारण असं की त्याला मैद्याची खळ धरत नाही. सुकल्यावर कडा उचलतात. त्याला फेविकॉलच लागतो.

दिवाळी संपल्यावर खरी लॉटरी लागली. ३ नोव्हेंबरला भाऊबीज झाली आणि पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या कचराकुंडीशेजारी फाटके आकाशकंदील येऊन पडले. माझा नऊ वर्षांचा मुलगा त्यातले चार सांगाडे घेऊन वर आला. दोन कामाचे निघाले. आकाशकंदील आणि नाताळचा तारा ही एकाच हाताची कामं आहेत. त्याच कामट्या, तोच कागद, तीच खळ. आमच्याकडचा बुरूड दिवाळीआधी कामट्या बांधून विकायला बसतो आणि दिवाळीनंतर उरलेल्या जुड्या कमी किमतीत देतो. मी १० नोव्हेंबरला गेले आणि ८० रुपयांत वीस कामट्यांची जुडी मिळाली. घेताना प्रत्येक कामटी दोन्ही टोकं धरून हलकी वाकवून बघा. गाठीपाशी कट्‌ आवाज आला तर ती बाजूला ठेवा.

२० नोव्हेंबरला मतदानाची सुट्टी होती. सकाळी आठलाच मतदान करून आलो आणि हॉलमध्ये चादर अंथरून सांगाड्याला बसलो. कामट्या आदल्या रात्री बाथरूममध्ये बादलीत भिजत घातल्या होत्या. अर्धीच बुडतात, म्हणून मध्यरात्री उठून उलट्या केल्या.

पप्पा खुर्चीतून सूचना देत होते. ते ७६ वर्षांचे आहेत. अंधेरीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ३४ वर्षं ड्राफ्ट्समन होते. त्यांनी पहिल्यांदा वही मागितली आणि त्यावर तीन आकडे लिहिले : २३, १४, २३.

ताऱ्याचं सगळं गुपित या तीन आकड्यांत आहे. एका पाचकोनी ताऱ्याला सारख्या लांबीच्या पाच कामट्या लागतात. कामटी ६० सेंटिमीटरची असेल तर एका टोकापासून २३वर एक खूण आणि तिथून पुढे १४वर दुसरी. मग दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा २३ उरतात. दोन कामट्या एकमेकींना फक्त या खुणांवरच ओलांडतात. खुणा न करता अंदाजानं बांधलं तर एक पाय लांब आणि एक बुटका होतो, आणि मग कागदाचा एकही त्रिकोण दुसऱ्यासारखा येत नाही. मी आधी ऐकलं नव्हतं. पहिला सांगाडा अंदाजानं बांधला आणि दुपारी सोडून पुन्हा बांधावा लागला.

कामट्या एकीवरून, दुसरीखालून अशा विणत न्यायच्या म्हणजे सांगाडा स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. टोकं बांधायला सुतळी घेतली होती, पण पप्पा म्हणाले, "बाय, ओली कामटी सुकली की बारीक होते. सुतळी सैल पडेल." त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापायला लावल्या. रबर ताणून गुंडाळलं की कामटी आकसली तरी पकड सुटत नाही. पट्ट्या पंक्चरवाल्यानं फुकट दिल्या.

असे दोन तारे करायचे, एकावर एक ठेवून पाचही टोकं एकत्र बांधायची, आणि आतल्या पाच कोपऱ्यांत दोन ताऱ्यांच्या मध्ये १२ सेंटिमीटरचे आडवे तुकडे अडकवायचे. ते अडकवले की तारा एकदम फुगतो. त्या क्षणी मुलगी ओरडलीच. पप्पांनी फक्त मान हलवली आणि एक तुकडा तिरका बसलाय हे बोटानं दाखवलं. संध्याकाळचे साडेसहा झाले होते. पंख्याला टांगून सांगाडा चार दिवस वाळू दिला.

मधल्या काळात कागदपत्रं. २४ नोव्हेंबरच्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गोठा-सजावट, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या, स्पर्धेचे अर्ज वाटले. प्रवेश शुल्क १०० रुपये, मुदत ८ डिसेंबर. थर्माकोल, प्लॅस्टिक आणि चमकी चालणार नाही असं ठळक छापलं होतं. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे, तरी आमच्या माळ्यावर त्याआधीचा थर्माकोलचा गोठा अजून होता, हे तेव्हा लक्षात आलं. अर्जामागे एक तक्ता भरायचा होता : वस्तू, आधी ती काय होती, कुठून आली. मी तो शेवटच्या रात्रीवर ढकलला आणि मग दीड तास त्यावरच बसले. असा तक्ता मागितला नसला तरी पहिल्या दिवसापासून लिहीत जा. आम्ही "लग्नपत्रिका, मावसभावाच्या लग्नाची, २०११" असं लिहायला लागल्यावर मुलांना ते लग्न कुठं झालं, कोण कोण आलं होतं, सगळं ऐकायचं होतं.

तारा गॅलरीच्या बाहेर, छज्जाखाली लावायचा होता, म्हणून सोसायटीला अर्ज दिला. दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. मी २५ नोव्हेंबरला दिला, उत्तर ५ डिसेंबरला आलं. अटी चार होत्या. वायर स्वतःच्या मीटरवरून घ्यायची, भिंतीला खिळा मारायचा नाही, रात्री १२नंतर दिवा बंद ठेवायचा (२४ आणि ३१ डिसेंबर सोडून), आणि ७ जानेवारीपर्यंत तारा उतरवायचा. खिळा नाही म्हटल्यावर कपडे वाळत घालायच्या गजाला टांगायचं ठरलं. दहा दिवस थांबताना जीव टांगणीला लागला होता, कारण नाही म्हणाले असते तर ६० सेंटिमीटरचा तारा घरात लावायला जागाच नव्हती.

आता कागद. ताऱ्याला पुढचे पाच त्रिकोण आणि मधला पंचकोन, मागे तेवढेच, आणि दोन्ही बाजू जोडणाऱ्या कडांचे दहा अरुंद त्रिकोण, असे २२ तुकडे लागतात. मागचा पंचकोन बल्बसाठी उघडा ठेवायचा, म्हणजे २१. पुढचा त्रिकोण २३-२३-१४चा, कडेचा २३-२३-१२चा, आणि चिकटवायला सगळीकडून एक सेंटिमीटर जास्त. पुठ्ठ्याचे साचे करून घ्या.

प्रश्न होता की घरातला कोणता कागद प्रकाश सोडतो. वर्तमानपत्र बल्बपुढे धरलं तर दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत मिसळून मळकट दिसतात. पतंगी कागद सुंदर, पण आमच्याकडे जेमतेम तीन ताव होते. आणि कपाटावर पप्पांच्या ट्रेसिंग पेपरच्या चार गुंडाळ्या होत्या. रद्द झालेल्या ड्रॉइंग्जच्या. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा कचऱ्यात जाणार होत्या, त्या ते मागून घरी घेऊन आले होते.

मी विचारलं तेव्हा ते नाही म्हणाले. अगदी शांतपणे. मी पुन्हा विषय काढला नाही. आईनं एकदा काढला, तर ते उठून गॅलरीत गेले. आम्ही पतंगी कागदाचे तुकडे जोडून भागवायचं ठरवलं. ३० नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री, जेवण झाल्यावर ते स्वतः स्टूल ओढून कपाटापाशी गेले. गुंडाळी काढली, जमिनीवर पसरली, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि मुलांना बोलावून दाखवायला लागले. हा जिना, ही पाण्याची टाकी, हे दाराचं पान कुठल्या बाजूला उघडतं. शाईच्या पेननं काढलेलं सगळं. चूक झाली की अर्ध्या ब्लेडनं शाई अलगद खरवडायची आणि बोटाच्या नखानं कागद घोटून पुन्हा रेघ मारायची. रात्री अकरापर्यंत हेच चाललं. मग म्हणाले, "आता काप. पण माझ्यासमोर नको."

मी स्वयंपाकघरात जाऊन कापले.

आणि पहिले दोन तुकडे मी वाया घालवले. मैद्याची खळ केली होती : दोन चमचे मैदा आधी थंड पाण्यात कालवून मग पेलाभर पाण्यात मंद आचेवर शिजवायचा, चिमूटभर तुरटी टाकायची. (जुने बायंडर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलं हात लावणार असतील तर नको.) वर्तमानपत्राला ही खळ उत्तम. ट्रेसिंग पेपरला लावल्याबरोबर तो लाटांसारखा उठला आणि सुकल्यावरही सरळ झाला नाही. ट्रेसिंग पेपर पाणी सहन करत नाही. त्या दोन तुकड्यांवर एका इमारतीचा अख्खा दर्शनी भाग होता. मी ते वहीत दाबून ठेवलेत. पप्पांना त्याच रात्री सांगितलं. ते म्हणाले, "मला विचारायचं होतंस. ट्रेसिंगला पाणी चालतं का कधी?" उरलेले तुकडे घट्ट फेविकॉलची बारीक रेघ फक्त कामटीवर ओढून लावले. रोज चार, फार तर पाच. एक सुकल्याशिवाय शेजारचा लावायचा नाही, नाहीतर पहिला ओढला जातो. १ ते ६ डिसेंबर रोज रात्री नऊ ते साडेदहा हेच काम.

तारा सुकत होता तेव्हा बाकीचं झालं. आखाती देशातल्या काकांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात पाठवलेली नाताळकार्डं आईनं बिस्किटाच्या डब्यात जपली होती. त्यांचे गोळे केले. एका गोळ्याला २० वर्तुळं लागतात. आमटीची वाटी ठेवून वर्तुळ काढायचं, आत बसेल असा समभुज त्रिकोण पुठ्ठ्यावर कापून त्याच्या तिन्ही कडांवर कार्ड दुमडायचं. दुमडलेल्या पाकळ्या एकमेकींना चिकटवायच्या : पाचांची टोपी वर, पाचांची खाली आणि दहांचा पट्टा मध्ये. कापण्याआधी प्रत्येक कार्डाच्या आतल्या मजकुराचा फोटो काढा. आम्ही तिसऱ्या कार्डापासून काढायला लागलो, आणि पहिल्या दोनांत काय लिहिलं होतं ते आईला आता आठवत नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

झाडाचाही प्रश्न होता. माझ्या लहानपणी सुरूची फांदी आणायचे. आता झाड तोडायचं नाही यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे. मुलीनं पावसाळ्यात मोडलेली काळी छत्री काढली. कापड उसवलं, आठ काड्यांचा सांगाडा अर्धवट मिटवून तारेनं बांधला की छान निमुळतं झाड होतं. दांड्याची मूठ कापून तो रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून रोवला. वर्तमानपत्राच्या झालरी खालून वर गुंडाळत नेल्या. वरून खाली सुरू केलं तर नंतरच्या झालरीची चिकटवलेली कड आधीच्या झालरीवर येते आणि जोड दिसतात.

गोठा बुटांच्या खोक्यातून आणि कुरिअरच्या तपकिरी कागदातून झाला. कागद चुरगाळून, खळीत भिजवून, उलट्या पातेल्यावर दोन दिवस वाळवला की डोंगर तयार. मुलानं विचारलं, गोठा कधीपासून करतात? पप्पांनी त्याला असिसीच्या संत फ्रान्सिस यांची गोष्ट सांगितली. १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावात त्यांनी खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून गोठा उभा केला होता. मग मुलाला खरंच गवत हवं झालं. नाचणी १२ डिसेंबरला डब्यांच्या झाकणांत पेरली. पहिल्या झाकणात पाणी जास्त झालं आणि बुरशी आली. दुसऱ्यात ओल्या सुती कापडावर माती पसरून, दिवसातून दोनदा नुसतं शिंपडून, २४ तारखेला बोटभर हिरवं गवत आलं.

वायरिंग मी स्वतः केलं नाही, शेजारच्या इलेक्ट्रिशियनदादांकडून करून घेतलं आणि तुम्हीही तेच करा. पूर्वी आमच्या ताऱ्यात ४०चा पिवळा बल्ब असायचा आणि पप्पा दर तासाला कागद हातानं चाचपायचे. आता ५ वॉटचा एलईडी घेतला, तरी तो कागदापासून चार बोटं दूर राहील असा मधोमध टांगला. १५ डिसेंबरच्या रविवारी तारा लागला. पहाटे दव पडतं, म्हणून छज्जाच्या आत घ्या. पहिल्या रात्री थोडा बाहेर होता तर सकाळी खालचे दोन त्रिकोण मऊ पडले होते. उन्हात पुन्हा ताणले गेले.

२२ तारखेला परीक्षक आले, दहा मिनिटं थांबले, तक्ता वाचला. आम्हाला बक्षीस नाही मिळालं. पहिलं बक्षीस नारळाच्या झावळ्यांच्या गोठ्याला गेलं आणि तो खरोखर पाहण्यासारखा होता. एका परीक्षकांनी २३-१४-२३ मोबाइलमध्ये लिहून घेतले.

२४च्या रात्री मिस्सा आटोपून आम्ही परतलो. पप्पांना रिक्षातून उतरवलं आणि त्यांनी पहिल्यांदा तारा खालून, अंधारात पाहिला. घरातून तो पाठीमागूनच दिसायचा. सगळ्या रेघा दिसत होत्या : भिंती, खिडक्या, मापांचे बारीक आकडे. काही ठिकाणी प्रकाश जास्त येत होता, छोटे उजळ ठिपके. मला वाटलं कागद विरलाय. पप्पा बराच वेळ मान वर करून उभे होते. मग बोट दाखवून म्हणाले, "तो जिना उलटा लावलास. आणि तिथं उजेड जास्त येतोय ना, तिथं माझ्या पायऱ्या मोजायला चुकल्या होत्या. दोनदा खरवडलंय."

खर्च सांगते. कामट्या ८०, एलईडी बल्ब ९०, होल्डर ३०, सहा मीटर वायर १८०, पोस्टर रंग १२०, स्पर्धेचं शुल्क १००. एकूण ६००. मैदा आणि फेविकॉल घरात होतं, इलेक्ट्रिशियनदादांनी पैसे घेतले नाहीत, फराळाचा डबा घेतला. म्हणजे विकतच्या ताऱ्यापेक्षा पहिल्या वर्षी जास्तच गेले, हे आधीच माहीत असलेलं बरं. बल्ब, वायर आणि सांगाडा पुढं चालतील.

७ जानेवारीला तारा उतरवला आणि सोसायटीच्या अर्जाच्या प्रतीवर "उतरवला" अशी सही घेऊन ठेवली. पुढच्या वर्षी अर्ज करताना ती जोडणार आहे. तारा जुन्या चादरीत गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून माळ्यावर ठेवायचा होता, पण पप्पांनी थांबवलं. त्यांनी जिन्याच्या त्रिकोणाच्या कडा ओल्या फडक्यानं अगदी थोड्या थोड्या भिजवल्या. तासभर लागला, हात थरथरत होता, मदत घेतली नाही. तुकडा सुटून आला. तो त्यांनी कोरड्या कागदात ठेवला आणि रिकाम्या जागेच्या कामटीवर पेन्सिलनं बाण काढला, टोकाकडे तोंड करून, शेजारी लिहिलं : "जिना वर".